फाटलेल्या ओठाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गिरणीतला मजूर ते जगातला नामवंत ट्रम्पेटवादक, राफाएल मेंडेस यांची जीवनकहाणी

लग्नसराई सुरू झाली की गावोगावच्या बँड पथकांची लगबग सुरू होते. नवरदेव घोड्यावर बसला की पुढे बँड लागतो आणि त्या बँडमध्ये सगळ्यात वर ज्याचा आवाज ऐकू येतो, ते पितळी वाद्य म्हणजे ट्रम्पेट. आपल्याकडं हे वाद्य वरातीपुरतंच ओळखीचं. वाजवणाऱ्याचं नावसुद्धा कुणी विचारत नाही. मात्र याच वाद्यावर एका खेड्यातल्या मुलानं सगळ्या अमेरिकेला वेड लावलं होतं. त्यासाठी त्याला लोखंडाच्या गिरणीत राबावं लागलं आणि ज्या ओठावर पोट होतं, तो ओठ फाटल्यावर जाणत्या वयात पुन्हा अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागली. त्याचं नाव राफाएल मेंडेस.

बारा पोरांचा नव्हे, घरचाच बँड

राफाएल यांचा जन्म 26 मार्च 1906 रोजी मेक्सिको देशातल्या मिचोआकान राज्यात, जिकिल्पान या गावी झाला. मेक्सिको हा अमेरिकेच्या दक्षिणेला लागून असलेला देश. मका, मिरची आणि घेवडा हे तिथलं रोजचं खाणं. जिकिल्पान हे तसं छोटं गाव, पण पुढं मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झालेले लाझारो कार्देनास हेही याच गावचे.

मेंडेस यांचं घर गाण्या-बजावण्याचं. वडिलांनी घरातल्याच माणसांना घेऊन वाद्यवृंद उभा केला होता. घरात पोरंबाळं भरपूर, आणि जो तो कुठलं ना कुठलं वाद्य वाजवणारा. गावची जत्रा, लग्न, चर्चचा सण असं काही असलं की मेंडेस कुटुंबाला बोलावणं यायचं. आपल्याकडं जसं सनई-चौघड्याची सेवा काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालते, तसाच हा प्रकार.

या घरच्या बँडला ट्रम्पेट वाजवणारा कमी पडला आणि ती जागा लहानग्या राफाएलला मिळाली. त्याच्या हातात आलं ते कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच थोडा आखूड आणि गोल आवाजाचा भाऊ. वय इतकं कमी की वाद्य धरायला दोन्ही हात पुरत नसत. पण पोराला नाद लागला. वडीलच गुरू होते. शिकवायला वेगळी शाळा नाही, फी नाही, नुसता रोजचा सराव.

क्रांतिकारकाच्या छावणीत दहा वर्षांचा वादक

1910 मध्ये मेक्सिकोत क्रांती पेटली. जमीनदारांकडं हजारो एकर जमीन आणि राबणाऱ्याच्या हातात काहीच नाही, हे त्या क्रांतीचं एक मोठं कारण होतं. पुढची दहा वर्षं देश धुमसत राहिला. त्या काळात उत्तरेकडं पांचो व्हिया नावाचा एक सेनानी गाजत होता. गरिबांना तो आपला वाटायचा आणि सरकारला दरोडेखोर.

1916 च्या सुमारास मेंडेस कुटुंबाचा बँड व्हियाच्या कानावर पडला. त्याला तो इतका आवडला की त्यानं सगळ्या बँडलाच आपल्या फौजेबरोबर ठेवून घेतलं. ठेवून घेतलं म्हणजे विचारून नव्हे. बंदुका घेतलेल्या माणसांना नाही कोण म्हणणार? राफाएल तेव्हा दहा वर्षांचा होता. या पोराचं वाजवणं व्हियाला विशेष आवडायचं. त्यामुळं घरी परतायची वेळ आली तरी राफाएलला लवकर मोकळीक मिळाली नाही.

ज्या वयात पोरं विटीदांडू खेळतात, त्या वयात हा मुलगा फौजेच्या छावणीत दमलेल्या, जखमी झालेल्या सैनिकांपुढं रोज वाजवत होता. ऐकणारे आवडलं तर टाळ्या देणारे आणि नाही आवडलं तर काय करतील याचा भरवसा नसलेले. पुढं मोठमोठ्या मंचावर मेंडेस यांना घाबरल्याचं कुणी पाहिलं नाही, त्याचं मूळ बहुधा या छावणीत असावं.

पोटासाठी परदेश

क्रांती शमली, पण देशाची घडी विस्कटली होती. गाणं-बजावणं करून पोट भरेल अशी परिस्थिती नव्हती. वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे 1926 च्या आसपास, राफाएल यांनी अमेरिका गाठली. तिथं जाऊन ते काही मंचावर उभे राहिले नाहीत. इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरात ते लोखंडाच्या गिरणीत मजूर म्हणून लागले.

गॅरी हे शहरच मुळी पोलाद कंपनीनं वसवलेलं. राफाएल यांचा जन्म 1906 चा आणि या शहराची स्थापनाही 1906 चीच. भट्ट्यांची धग, धूर आणि पाळीवर पाळी. अंगमेहनतीचं काम. ऊसतोडीला किंवा एमआयडीसीत घर सोडून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

तिथून ते मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात गेले आणि ब्यूक मोटारीच्या कारखान्यात कामाला लागले. पण वाद्य सोडलं नाही. कारखान्याचं काम संभाळून सराव चालू ठेवला. हळूहळू जवळच्या डेट्रॉईट शहरातल्या नाट्यगृहांत वाजवायची कामं मिळू लागली. त्या काळी सिनेमागृहात आणि नाट्यगृहात वाद्यवृंद ठेवलेले असत. मजुराचा वादक झाला. आता दिवस पालटले असं वाटत असतानाच घात झाला.

एक दार उघडलं आणि सगळं थांबलं

1932 च्या सुमारास डेट्रॉईटच्या एका नाट्यगृहात मेंडेस कार्यक्रमाआधी एका दाराजवळ उभे राहून वाद्य गरम करत होते. ट्रम्पेट ओठाला लावलेलं. इतक्यात पलीकडून कुणीतरी दार जोरात ढकललं. दार वाद्यावर आदळलं आणि वाद्य तोंडावर. ओठ फाटला.

साधी जखम असती तर चार दिवसांत भरून आली असती. पण ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा ओठ म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या जखमेचं गांभीर्य कळणार नाही.

ट्रम्पेटमध्ये पेटीसारखी पट्टी नसते आणि सनईसारखी पत्तीही नसते. नुसती फुंकर मारली तर आवाज येत नाही. वाजवणारा दोन्ही ओठ मिटून, वाद्याच्या तोंडाशी असलेल्या वाटीसारख्या माउथपीसला लावतो आणि ओठांतून हवा सोडून ते थरथरवतो. ही थरथर हाच आवाज. पितळी नळी तो फक्त मोठा आणि गोड करते. वाद्याला दाबायच्या कळा असतात त्या फक्त तीन. तीन कळांपासून वेगवेगळ्या सात जोड्या होतात. बाकीचे सगळे सूर ओठ किती आवळला आणि हवा कशी सोडली यावर निघतात. एकच कळ दाबून ओठाच्या जोरावर खालचा, मधला, वरचा असे कितीतरी सूर काढता येतात.

म्हणजे तंबोऱ्याला तार, ढोलाला कातडं, तसा ट्रम्पेटला ओठ. तार तुटली तर बाजारात दुसरी मिळते. ओठ कुठून आणायचा? जखम भरली तरी तिथं व्रण राहतो, आणि व्रण असलेला ओठ पूर्वीसारखा थरथरत नाही. नांगराच्या बैलाचा खांदा आला की तो बैल दावणीला बांधून ठेवावा लागतो, औषधपाणी करावं लागतं, आणि पुन्हा जुंपताना आधी हलकं काम द्यावं लागतं. घाई केली तर खांदा कायमचा जातो. मेंडेस यांच्या ओठाचं तसंच झालं होतं.

ते एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडं गेले. कुणी वाद्य असं धर म्हणून सांगितलं, कुणी ओठ तसा ठेव म्हणून सांगितलं. काही जमेना. एकेकाळी सहज निघणारे सूर आता निघत नव्हते. वय पंचविशीच्या पुढं, परका देश, हातचं काम गेलेलं. त्यात तो काळ अमेरिकेतल्या भयंकर मंदीचा. कारखाने बंद पडत होते, लाखो लोक बेकार होते. गिरणीत परत जायचं म्हटलं तरी काम मिळेल याची खात्री नव्हती.

बापाकडं परत, पहिल्या धड्यापासून

शेवटी मेंडेस मेक्सिकोला, वडिलांकडं परत गेले.

नाव कमावलेल्या माणसाला हे सोपं नसतं. शहरात जाऊन वादक झालेला मुलगा रिकाम्या हातानं घरी आला, असं चार लोक म्हणणारच. पण त्यांनी वडिलांपुढं बसून नवशिक्या पोरासारखी सुरुवात केली. आधी एकच लांब सूर. तो न हलता, न तुटता धरायचा. मग दोन सूर. मग हळू चालीचे सोपे धडे. जुनी सवय मोडायची आणि ओठाला नव्यानं जागा शिकवायची. कित्येक महिने हेच चाललं.

या काळात त्यांनी आपलं वाजवणं मुळापासून तपासलं. लहानपणी जे आपोआप आलं होतं, ते आता समजून-उमजून करावं लागलं. दम किती घ्यायचा, पोटातून कसा सोडायचा, जीभ कुठं टेकवायची, वाद्य ओठावर किती दाबायचं, सगळं. दुखऱ्या ओठावर जोर देता येत नव्हता, म्हणून दमाच्या जोरावर वाजवायला शिकले. मोठं नाव झाल्यावरही त्यांनी लांब सुराचा आणि साध्या धड्यांचा रोजचा सराव कधी सोडला नाही.

ओठ तयार झाल्यावर ते अमेरिकेत परतले. रस मॉर्गन, रूडी व्हॅली अशा त्यावेळच्या नामांकित लोकांच्या वाद्यवृंदांत त्यांना जागा मिळाली. तिसाव्या दशकाच्या शेवटी ते कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसला कुटुंबासह स्थायिक झाले.

हॉलिवूडचा वाद्यवृंद आणि एकट्याची वाट

लॉस एंजेलिस म्हणजे हॉलिवूड. तिथल्या एमजीएम या मोठ्या फिल्म कंपनीचा स्वतःचा वाद्यवृंद होता. चित्रपटांचं संगीत तिथंच वाजवून ध्वनिमुद्रित व्हायचं. 1940 च्या आसपास मेंडेस त्या वाद्यवृंदात पितळी वाद्यांच्या विभागाचे प्रमुख वादक झाले. पगार चांगला, काम कायमचं. गिरणीत लोखंड उचललेल्या माणसाला आणखी काय हवं?

पण मेंडेस यांच्या डोक्यात वेगळंच होतं. पाश्चात्य शास्त्रीय संगीतात व्हायोलिन आणि पियानो वाजवणारा मंचाच्या मधोमध, सगळ्यांच्या पुढं असतो. ट्रम्पेटवाले मात्र मागच्या रांगेत. बऱ्याच वेळ गप्प बसायचं, जिथं दणका हवा तिथं चार सूर वाजवायचे आणि पुन्हा थांबायचं. एकट्या ट्रम्पेटवाल्याला ऐकायला लोक तिकीट काढून येतील, हे तेव्हा फारसं कुणाला पटण्यासारखं नव्हतं. एकट्यानं पुढं उभं राहून वाजवायचं तर तशा रचनाही मोजक्याच होत्या.

त्यावर मेंडेस यांनी उपाय काढला. व्हायोलिनसाठी लिहिलेल्या अवघड रचना त्यांनी ट्रम्पेटवर वाजवायला घेतल्या. मेंडेलसन यांच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोचा वेगवान शेवटचा भाग, मोंटी यांचं चार्दाश, सारासाते यांच्या रचना. व्हायोलिनवर बोटं आणि गज भरभर फिरवता येतात. ट्रम्पेटवर तोच वेग जिभेनं काढावा लागतो. त्याला दुहेरी जीभ म्हणतात. तोंडातल्या तोंडात तु-कु, तु-कु असं म्हणत प्रत्येक सूर वेगळा तोडायचा. मेंडेस यांची जीभ इतकी साफ आणि जलद चालायची की त्यांना व्हायोलिनचे जगप्रसिद्ध वादक यशा हायफेट्झ यांच्या नावावरून ट्रम्पेटचे हायफेट्झ म्हटलं जाऊ लागलं.

चार मिनिटं, दम न तोडता

सगळ्यात जास्त बोललं जातं ते त्यांच्या एका ध्वनिमुद्रणाबद्दल. पागानिनी या इटलीच्या व्हायोलिनवादकानं 'मोतो पेर्पेतुओ' नावाची एक रचना केली होती. नावाचा अर्थच न थांबणारी गती. व्हायोलिनला श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळं या रचनेत कुठं विसावाच ठेवलेला नाही. ट्रम्पेटवाल्यानं ती वाजवायची म्हणजे श्वास कुठं घ्यायचा?

मेंडेस यांनी ती चार मिनिटांहून जास्त वेळ, दुहेरी जीभ चालू ठेवून, मध्ये कुठंही न थांबता वाजवली. यात जादू नाही, युक्ती आहे. गाल फुगवून तोंडात हवा साठवायची. ती हवा गालाच्या दाबानं बाहेर ढकलत असतानाच नाकानं नवा श्वास आत ओढायचा. पुंगी वाजवणारा गारुडी हेच करतो, म्हणून पुंगीचा आवाज तुटत नाही. फरक इतकाच की एक लांब सूर धरून हे करणं वेगळं आणि भरधाव वेगात हजारो सूर सुटे सुटे तोडत करणं वेगळं. त्यातही ओठ एकदा फाटलेला.

बैलांच्या झुंजीच्या मैदानात वाजणारी 'ला विर्खेन दे ला माकारेना' ही स्पॅनिश धून अमेरिकेत घरोघरी पोचली ती मेंडेस यांच्या वादनामुळं. डेक्का कंपनीनं त्यांच्या अनेक तबकड्या काढल्या. त्यांनी स्वतःही रचना केल्या. मेक्सिकोच्या लोकगीतांचा ढंग त्यांनी कधी टाकला नाही. शास्त्रीय मैफलीतही गावाकडची धून ते तितक्याच प्रेमानं वाजवत.

शाळेतल्या पोरांबरोबर

1950 च्या सुमारास एमजीएमची नोकरी सोडून मेंडेस पूर्णपणे एकट्याच्या कार्यक्रमांकडं वळले. वर्षाला शंभराहून अधिक कार्यक्रम ते करत. विशेष म्हणजे यातले कितीतरी कार्यक्रम शाळा-कॉलेजांत असत. अमेरिकेत बहुतेक शाळांचा स्वतःचा बँड असतो. मेंडेस गावोगाव जाऊन त्या पोरांच्या बँडबरोबर उभे राहत. मागं शिकाऊ पोरं आणि पुढं जगातला एक नामवंत वादक.

ओल्ड्स या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीनं त्यांच्या नावाचं ट्रम्पेट बाजारात आणलं. 1961 मध्ये त्यांचं 'प्रील्यूड टू ब्रास प्लेइंग' हे पुस्तक निघालं. पितळी वाद्य शिकणाऱ्यानं दम, ओठ, जीभ आणि सराव याकडं कसं बघावं, हे त्यात सांगितलं आहे. पायाच पक्का नसेल तर वरचा मजला टिकत नाही, हे मेंडेस स्वतःच्या जखमेतून शिकले होते. तेच त्यांनी पुढच्या पिढीला दिलं.

त्यांना जुळी मुलं होती, राफाएल ज्युनिअर आणि रॉबर्ट. बापानं जसं आपल्याला शिकवलं तसं त्यांनी दोघांना ट्रम्पेट शिकवलं. तिघं मिळून मंचावर उभे राहत, तिघांची एकत्र ध्वनिमुद्रणंही निघाली. पण मुलांनी वाद्यावरच पोट भरावं असा अट्टहास त्यांनी केला नाही. दोघंही पुढं डॉक्टर झाले. गिरणीत राबलेल्या मजुराची पोरं डॉक्टर झाली, ही या घराची आणखी एक कमाई.

शेवटची वर्षं

पन्नाशी आली तसा दम्यानं मेंडेस यांना गाठलं. ज्याचा सगळा खेळ श्वासावर, त्यालाच दमा व्हावा हे विपरीतच. तरी ते वाजवत राहिले. पुढं साठच्या दशकात मेक्सिकोत बेसबॉलचा सामना बघताना एका खेळाडूच्या हातून सुटलेली बॅट त्यांच्या तोंडावर आदळली. पुन्हा तोंडच. आता मात्र वय साठीच्या पुढं गेलं होतं. तरीही काही वर्षं त्यांनी कार्यक्रम चालू ठेवले. 1975 मध्ये त्यांनी मंचाचा निरोप घेतला. त्यानंतरही लिहिणं आणि रचना करणं चालू होतं.

15 सप्टेंबर 1981 रोजी कॅलिफोर्नियातल्या एन्सिनो इथल्या राहत्या घरी त्यांचं निधन झालं. तेव्हा ते 75 वर्षांचे होते. दोन वर्षांनी, 1983 मध्ये, हॉलिवूडच्या प्रसिद्ध रस्त्यावर कलावंतांच्या नावाच्या चांदण्या बसवतात तिथं त्यांच्या नावाची चांदणी बसवण्यात आली. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे. त्यांच्या रचना आणि ध्वनिमुद्रणं तिथं जपून ठेवली आहेत. जगभरातली ट्रम्पेट शिकणारी मुलं आजही त्यांच्या रचना परीक्षेला आणि कार्यक्रमाला वाजवतात.

मेंडेस यांचं वादन ऐकायला आता तिकीट काढायची गरज नाही. मोबाईलवर यूट्यूब उघडून राफाएल मेंडेस आणि मोतो पेर्पेतुओ असं शोधलं की ते ध्वनिमुद्रण सापडतं. रात्री जेवणं उरकल्यावर चार-साडेचार मिनिटं काढून शांतपणे ऐकण्यासारखं आहे. घरात कुणी बँडमध्ये वाजवणारं असेल, किंवा शाळेच्या बँडपथकात असलेलं पोर सरावाचा कंटाळा करत असेल, तर त्याला शेजारी बसवून ऐकवावं. आणि ऐकून झाल्यावर एवढंच सांगावं, की हे वाजवणाऱ्याचा ओठ त्याआधी फाटला होता.